जुन्या मशिदीसाठी निळ्या टाइल्स नव्याने घडवताना: भिंतीपासून भट्टीपर्यंत

दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात शिरलं की उजव्या हाताला इसा खान नियाझीचा मकबरा आणि त्याची मशीद लागते. काळ १५४७ च्या आसपासचा. मशिदीच्या दर्शनी भिंतीवर निळ्या, फिरोजी, हिरव्या टाइल्सचे पट्टे आजही दिसतात. जुन्या किल्ल्यासमोरच्या खैरुल मनाझिल मशिदीतही (१५६१) अशाच रंगीत टाइल्स तग धरून आहेत. लाहोरची वझीर खान मशीद (१६३४ ते १६४१) आणि सिंधमधल्या ठट्ट्याची शाहजहानी मशीद तर या कामासाठीच ओळखल्या जातात. मुंबईकरांना एवढं लांब जायचीही गरज नाही. डोंगरीच्या इमामवाडा रस्त्यावरच्या मुघल मशिदीचा निळा इराणी दर्शनी भाग बघून यावा. मराठवाड्यातल्यांना बीदर जवळचं. तिथे महमूद गवानच्या मदरशावर (१४७२) त्या काळच्या टाइल्स अजून टिकून आहेत.

अशा इमारतीवरच्या गळून पडलेल्या टाइल्स पुन्हा कशा घडवायच्या, हे या लेखात क्रमाने मांडलं आहे. उदाहरण मुख्यतः दिल्लीकडच्या सोळाव्या शतकातल्या टाइल्सचं घेतलं आहे. प्रत्येक टाइल एकाच रंगाची आणि वेगवेगळ्या रंगांचे तुकडे जोडून नक्षी, असं ते काम. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी लक्षात घ्या: रंग जुळवणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम नाही. ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या रंगीत थराच्या, खालचं टाइलचं अंग जुळवणं जास्त अवघड आहे, आणि भिंतीवरची जुनी टाइल न काढता काम करणं त्याहून अवघड. दुर्दैवाने लोक रंगापासून सुरुवात करतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात.

आधी परवानगी, मग भिंत

इमारत केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे संरक्षित असेल तर १९५८ चा कायदा लागू होतो. महाराष्ट्र राज्याच्या यादीत असेल तर राज्याचा १९६० चा कायदा. दोन्ही ठिकाणी लेखी परवानगीशिवाय भिंतीला हात लावता येत नाही. इमारत कुठल्याच यादीत नसेल तरी मशिदीची कमिटी आणि वक्फ बोर्ड यांच्याशी बोलणी आधी व्हायला हवीत. नमाज चालू असलेल्या मशिदीत कामाच्या वेळा पाच नमाजांप्रमाणे आखाव्या लागतात. शुक्रवारी दुपारी परांची आणि धूळ आवारात दिसता कामा नये. किब्ल्याच्या भिंतीवर, म्हणजे मक्केच्या दिशेला मिहराबचा कोनाडा असतो त्या बाजूला, काम असेल तर एका वेळी छोटाच भाग अडवा. नमाजींची जागा अडवून कामाला गती देण्याचा अट्टाहास केलात तर चार दिवसांनी काम तुमचंच अडेल.

परवानगी आली की टाइल का पडली ते शोधा. टाइल आपोआप पडत नाही. दहापैकी नऊ वेळा कारण पाणी असतं: गच्चीची उतरण बिघडलेली, पन्हळ तुंबलेली, कार्निसला भेग गेलेली, नाहीतर जमिनीतून वर चढणारी ओल. पाण्यासोबत क्षार येतात, टाइलच्या मागे सुकतात, स्फटिक होऊन फुगतात आणि टाइलला आतून ढकलतात. भिंतीला लोणा लागलाय हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पांढरी, हाताला भुरभुरीत लागणारी बुरशीसारखी पूड म्हणजे तोच. मागच्या पन्नास-साठ वर्षांत कुणी सिमेंटने डागडुजी केली असेल तर प्रश्न दुप्पट होतो. सिमेंटमधून विरघळणारे क्षार बाहेर येतात, शिवाय सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. मग ओल सिमेंटच्या कडेने वाट काढते आणि शेजारची चारशे वर्षं टिकलेली टाइल सोडवून टाकते.

म्हणून गच्ची आणि पन्हळ आधी दुरुस्त करा. सिमेंटचे गिलावे छिन्नीने हळूहळू काढा. इथे यंत्राने फोडणं नको, त्याच्या कंपनाने शेजारच्या टाइल्स हलतात. लोणा धरलेल्या भागावर कागदाचा लगदा ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पोटिसासारखा थापा, सुकू द्या, काढा, पुन्हा थापा. सुकलेला लगदा पाण्यात टाकून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली की किती क्षार निघाले ते कळतं. आकडा खाली येऊन स्थिरावेपर्यंत हे चालू ठेवायचं. एक पावसाळा मध्ये जाऊ देता आला तर फारच उत्तम. ओल खरंच थांबली का, याचा याहून भरवशाचा पुरावा नाही.

कुठलं बनवायचं, कुठलं बनवायचं नाही

भिंतीच्या प्रत्येक हातभर भागाचा मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून फोटो घ्या. पारदर्शक फिल्म भिंतीवर लावून प्रत्येक तुकड्याची बाह्यरेषा एकास एक मापात उतरवा. मग बोटाच्या पेराने प्रत्येक टाइल हलकेच टकटक करून ऐका. घट्ट बसलेली टाइल भरीव वाजते, मागून सुटलेली पोकळ. त्या फिल्मवर चार खुणा करा: घट्ट, पोकळ, ग्लेझ गेलेली, गहाळ.

नवीन टाइल फक्त ‘गहाळ’ अशी खूण असलेल्या जागी जाते. पोकळ टाइलच्या मागे बारीक सुईने चुन्याचं पातळ मिश्रण भरून ती जागेवरच घट्ट करता येते. भरताना तिच्या तोंडावर जपानी कागद चिकटवून आधार द्यावा लागतो. ग्लेझ पूर्ण गेलेली, नुसतं भुरकट अंग उरलेली टाइलही तशीच राहू द्यायची. ती बघायला उदास वाटते, पण तिचा आकार, जाडी, मागचा चुना हे सगळं अस्सल आहे. ती काढून चकचकीत नवी बसवली तर हा पुरावा कायमचा जातो. हुमायूनच्या मकबऱ्यावरच्या छत्र्यांच्या, म्हणजे खांबांवरच्या छोट्या घुमट्यांच्या, कामात आगा खान ट्रस्ट आणि पुरातत्त्व विभागाने हेच धोरण ठेवलं, जुनी टाइल काढायची नाही. त्या कामासाठी हजरत निझामुद्दीन बस्तीतल्या तरुणांना टाइल घडवण्याचं प्रशिक्षण देण्यात आलं. संवर्धनाची ही रीत मला सगळ्यात पटते, कारण इमारत सांभाळणारे हात इमारतीच्या शेजारीच तयार होतात.

गहाळ जागीसुद्धा नक्षी नक्की माहीत असेल तरच टाइल बनवा. भौमितिक पट्टा दोन्ही बाजूंनी शिल्लक असेल तर मधला भाग मोजून काढता येतो. पण मधलं एखादं फूल कसं होतं हे कुणालाच माहीत नसेल, तर तिथे साधा चुन्याचा गिलावा शेजारच्या रंगाशी जुळेल असा करून थांबा. १९६४ च्या व्हेनिस सनदेत हे स्पष्ट सांगितलं आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

आयतींचे, म्हणजे कुराणातल्या वचनांचे, पट्टे असतील तर जास्तच जपावं लागतं. अरबी लिपीत एखादा नुक्ता (टिंब) इकडचा तिकडे गेला तरी अक्षर बदलतं. म्हणून मूळ मजकूर वाचू शकणारा जाणकार खुशनवीस (सुलेखनकार) आणि मशिदीतले इमाम दोघांकडून रेखाटन तपासून घ्या आणि त्यावर त्यांच्या सह्या घ्या. अक्षर असलेले सुटे तुकडे जमिनीवर ठेवू नका. कापड अंथरलेल्या ट्रेमध्ये, उंचावर, क्रमांक घालून ठेवा. त्यात श्रद्धेचा मान तर आहेच, शिवाय तुकडे हरवतही नाहीत.

तुकड्याला काय विचारायचं

पायथ्याशी साचलेल्या ढिगाऱ्यात, पन्हळीत, कोनाड्यात पडलेले सुटे तुकडे जमवा. भिंतीवरून नमुना फोडून घ्यायचा नाही. प्रत्येक रंगाचे निदान दोन-तीन तुकडे हवेत.

तुकड्याची मोडलेली कड दहापट भिंगाखाली धरा. अंग पांढरट, साखरेच्या दाण्यांसारखं खरखरीत दिसतंय का? म्हणजे ती गारगोटीची टाइल. लालसर, एकसंध दिसतंय? म्हणजे मातीची. अंग आणि ग्लेझच्या मध्ये वेगळा पांढरा पातळ थर आहे का? ग्लेझ किती जाड आहे, त्यात बुडबुडे आहेत का? टाइलच्या बाजू मागे जाताना आत तिरक्या कापलेल्या आहेत का? मागच्या बाजूला चुना किती चिकटलाय? एवढी उत्तरं घरबसल्या मिळतात.

बाकीचं प्रयोगशाळेकडून. क्ष-किरण प्रतिदीप्ती चाचणीत तुकडा न फोडता मूलद्रव्यं कळतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा काप ग्लेझचं खरं रसायन दाखवतो. दिल्ली आणि पंजाबकडच्या मुघलकालीन टाइल्सच्या अशा अभ्यासांतून जे चित्र पुढे आलं ते थोडक्यात असं: ग्लेझ मुख्यतः सोड्याचं. गडद निळा कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा, जांभळा मँगनीजचा. पिवळा शिसं आणि कथील यांच्या संयुगाचा, आणि हिरवा म्हणजे त्याच पिवळ्यात तांबं मिसळलेलं. तुमच्या मशिदीचं उत्तर थोडं वेगळं येऊ शकतं. पुढच्या पाककृती म्हणूनच सुरुवातीच्या आहेत, शेवटच्या नाहीत.

टाइलचं अंग

बाजारातल्या टाइलवर निळं ग्लेझ देऊन का चालत नाही, हे इथे समजून घेऊ. गारगोटी तापली की पुष्कळ प्रसरण पावते आणि गार होताना तेवढीच आकसते. सोड्याचं ग्लेझही तसंच. म्हणून गारगोटीच्या अंगावर ते सुखाने बसतं. साध्या मातीचं अंग त्या मानाने कमी आकसतं. भट्टी गार होताना वरचं सोड्याचं ग्लेझ जास्त आकसू बघतं, ताणलं जातं आणि त्याला जाळीसारख्या चिरा पडतात. पहिल्या पावसात त्या चिरांतून पाणी आत शिरतं आणि दोन-चार वर्षांत ग्लेझचे पापुद्रे निघू लागतात. मातीचं अंग ठेवायचं तर ग्लेझ बदलावं लागतं. ग्लेझ बदललं की तांब्याचा तो फिरोजी रंग येत नाही, कारण फिरोजी रंग सोड्याच्या ग्लेझमध्येच खुलतो. शिशाच्या ग्लेझमध्ये तेच तांबं हिरवं होतं. म्हणजे रंगाचा निकाल अंगात लागतो.

या अंगाची एक फार जुनी लिहून ठेवलेली कृती काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ मध्ये नोंदवली: दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेसारखं फ्रिट (वितळवून दळलेली काच), एक भाग पांढरी चिकणमाती. सातशे वर्षांनंतरही सुरुवात करायला याहून चांगली कृती नाही. जयपूरच्या ब्लू पॉटरीचं अंगही याच जातीचं आहे: गारगोटी, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, टंकणखार आणि कतिरा गोंद. जयपूर किंवा सांगानेरच्या कारागिराबरोबर महिनाभर बसता आलं तर ते शिक्षण कुठल्याही पुस्तकातून मिळणार नाही.

गारगोटीची पूड एकाच बारीकपणाची घेऊ नका. साधारण दोन तृतीयांश २०० मेशची (मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली छिद्रं) आणि उरलेली ८० ते १०० मेशची घेतली तर जुन्या टाइलसारखा दाणेदार, श्वास घेणारा पोत येतो. सगळी पूड कोरडी मिसळा. ओला मास्क किंवा रुमाल इथे कामाचा नाही. गारगोटीची धूळ फुप्फुसात कायमची बसते, म्हणून एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क हवाच, आणि झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. मिश्रणाच्या एक टक्का कतिरा गोंद आदल्या रात्री भिजवून त्याचं पाणी थोडं थोडं घालत मळा. हे पीठ कणकेसारखं लवचीक कधीच होत नाही. मुठीत दाबलं की आकार धरावा आणि बोटाने ढकललं की तुटावं, इतपत ओलं पुरे. ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवलं की दुसऱ्या दिवशी जरा शहाण्यासारखं वागतं.

थापण्यासाठी दोन लाकडी पट्ट्यांमध्ये लाटण्याची रीत सोपी पडते. खाली कापड आणि त्यावर बारीक वाळू, नाहीतर सुकताना टाइल फळीला धरून ठेवते आणि मधोमध तडकते. पट्टीची जाडी जुन्या टाइलच्या जाडीपेक्षा किंचित जास्त ठेवा. किती जास्त ते चाचणीतूनच कळेल, कारण हे अंग मातीच्या मानाने फारच कमी आटतं. लाटल्यावर वरून लाकडी थापीने चांगलं ठोका. ठोकण्यात कुचराई झाली की अंग भाजल्यावर नखानेही खरवडतं. सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, दर काही तासांनी पालटत सुकवा.

पहिली भाजणी ९०० ते ९५० अंश सेल्सिअस. ५७३ अंशांना गारगोटीच्या स्फटिकाची रचना बदलते आणि ती एकदम फुगते. उतरताना तिथेच एकदम आकसते. म्हणून ५०० ते ६५० या टप्प्यात चढताना आणि उतरतानाही तासाला ५० अंशांपेक्षा जास्त वेग नको.

भाजलेल्या तुकड्याची एक साधी चाचणी चुकवू नका. कोरडा असताना वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, वरचं पाणी टिपून पुन्हा वजन करा. २०० ग्रॅमचा तुकडा २३० ग्रॅम झाला तर त्याने १५ टक्के पाणी धरलं. हीच चाचणी जुन्या तुकड्यावर करा. दोन आकडे जवळ आले पाहिजेत. नवी टाइल जुनीपेक्षा फार घट्ट निघाली तर भिंतीतली ओल आणि क्षार शेजारच्या जुन्या, मऊ टाइलमधून बाहेर पडतील आणि नुकसान तिचं होईल. नवी टाइल जुनीपेक्षा थोडी कमकुवत असली तर बिघडत नाही. जास्त मजबूत असेल तर बिघडतं.

फ्रिट आणि ग्लेझ

कच्चा सोडा पाण्यात विरघळतो, म्हणून तो थेट ग्लेझमध्ये घालता येत नाही. टाइल सुकताना तो कडेला येऊन जमतो आणि तिथे भट्टीत फोड येतात. म्हणून सोडा आणि गारगोटी आधी वितळवून काच करायची, ती दळायची. हेच फ्रिट. जुने कारागीर त्यासाठी खारट जमिनीवरचा क्षार किंवा खारट वनस्पतींची राख वापरत. आज वजनाने गारगोटी ६५, सोडा ॲश ३०, पोटॅश ५ आणि खडूची पूड ९ भाग इथून सुरुवात करा. मुशीत अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, कारण सोड्यातून वायू सुटताना हे मिश्रण दुधासारखं उतू जातं. ११५० ते १२०० अंशांवर बुडबुडे थांबेपर्यंत वितळवा आणि थंड पाण्याच्या लोखंडी बादलीत ओता. चेहऱ्यावर जाळीदार ढाल, अंगावर सुती कपडे आणि लांब चिमटा लागतो. हे काम एकट्याने कधीच करू नये. पाण्यात पडताच काचेचे करकर तडकलेले खडे होतात. ते सुकवून बॉल मिलमध्ये २०० मेशपर्यंत दळा.

ग्लेझसाठी दळलेल्या फ्रिटमध्ये ५ टक्के पांढरी चिकणमाती आणि थोडं डिंकाचं पाणी घाला. रंग फ्रिटच्या वजनाच्या हिशेबाने. फिरोजीला कॉपर ऑक्साइड २ ते ३ टक्के, आणि जुनी टाइल अपारदर्शक असेल तर सोबत टिन ऑक्साइड ३ ते ५ टक्के. पांढऱ्याला टिन ऑक्साइड ८ ते १० टक्के. गडद निळ्याला कोबाल्ट ऑक्साइड अर्धा टक्काच. आजचा कोबाल्ट फार शुद्ध असतो आणि त्याचा निळा डोळ्यांवर येतो. जुन्या खनिजात लोह असे, म्हणून तो निळा जरा खोल आणि निवांत दिसतो. लोहाच्या ऑक्साइडची चिमूट, म्हणजे पाव ते अर्धा टक्का, घातली की फरक लगेच कळतो. जांभळ्याला मँगनीज डायऑक्साइड २ ते ३ टक्के.

पिवळा आणि हिरवा या दोघांना शिसं लागतं. मुर्दाडशिंग किंवा शेंदूर विकत आणून घरी ग्लेझ बनवण्याचा विचारही करू नका. शिशाची धूळ रक्तात जाते आणि लहान मुलांना तिचा धोका सगळ्यात जास्त. ज्या कार्यशाळेत धूळ ओढणारी यंत्रणा, वेगळे कपडे आणि कामगारांची नियमित रक्ततपासणी आहे तिथूनच, तयार फ्रिटच्या रूपात, हे काम करून घ्यावं. खर्च वाढतो, पण तो वाचवण्यासारखा नाही.

ढवळलेलं ग्लेझ दिवसचे दिवस ठेवू नका. फ्रिटमधला थोडा सोडा पाण्यात उतरतो आणि ग्लेझ घट्ट होत जातं. लागेल तेवढंच बनवा. टाइल किंचित ओलसर करून ग्लेझ वरून एका धारेत ओतायचं. साधारण एक मिलिमीटरचा थर बसला पाहिजे. जुनी ग्लेझं जाड असतात आणि त्यांची खोली त्या जाडीतून येते. फवाऱ्याने दिलेला सपाट, पातळ थर लांबूनही नवा वाटतो.

भट्टी

ग्लेझची भाजणी ८८० ते ९३० अंशांमध्ये, शिखरावर अर्धा तास रोखून. भट्टीच्या प्रत्येक फळीवर पायरोमेट्रिक कोन (ठरावीक तापाला वाकणारा छोटा शंकू) ठेवा, कारण मीटर एकाच जागेचं तापमान सांगतो आणि जुन्या भट्ट्यांत वरच्या आणि खालच्या फळीत वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो. विजेची भट्टी सोयीची. गॅसची असेल तर हवा भरपूर सोडा. धूर कोंडला तर तांबं मळकट लाल होतं आणि शिसं काळवंडतं. गार करताना घाई करून १०० अंशांच्या वर झाकण उघडलंत तर टणत्कार ऐकू येईल आणि सगळी भाजणी वाया जाईल.

एका भट्टीतून एकाच छटेच्या शंभर टाइल्स काढण्याचा हट्ट धरू नका. भिंतीकडे नीट बघितलंत तर जुन्या निळ्यातही पाच-सहा छटा सापडतील, कारण लाकडाच्या भट्टीत प्रत्येक जागा वेगळी तापत असे. त्या सगळ्या छटांचे नमुने करा आणि बसवताना मिसळून लावा.

रंग जुळला की नाही हे कार्यशाळेत ठरत नाही. नमुना परांचीवर चढवून मूळ जागेशेजारी, त्याच उंचीवर, त्याच कलाने धरा आणि खाली उतरून बघा. सकाळी, भर दुपारी, ढगाळ हवेत आणि भिंत पाणी मारून ओली केल्यावर, चारही वेळा बघा. शतकांची धूळ बसलेल्या जुन्या टाइलचा एक कोपरा आधी स्वच्छ पाण्याने पुसून मगच तुलना करा, नाहीतर तुम्ही धुळीचा रंग जुळवून बसाल.

कापणं आणि बसवणं

नक्षीचे तुकडे भाजलेल्या टाइलमधून कापले जातात. पूर्वी छिन्नी-हातोडीने कापत. आता पाण्यावर चालणारं हिऱ्याचं पातं चालतं, मात्र रेषेबाहेर एक मिलिमीटर सोडून कापा आणि उरलेलं हाताने कानस मारून आणा. त्या कानशीच्या कडेत थोडी वळणं राहतात आणि तीच जुन्या तुकड्यांशी जमतात. बाजू मागे आत तिरक्या घ्या. समोर तुकडे एकमेकांना टेकतात आणि मागे चुना शिरायला पाचरीसारखी जागा राहते. ही युक्ती जुन्या कारागिरांची आहे आणि तिच्याशिवाय सांधे रुंद दिसतात.

बसवण्यासाठी फक्त चुना. विरवून निदान तीन-चार महिने पाण्याखाली मुरलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू आणि विटांची सुर्खी मिळून दोन ते अडीच भाग. भिंतीवरच्या जुन्या चुन्याचं पृथक्करण करून हे प्रमाण जुळवा. गूळ, बेल, उडीद अशा भरी जुन्या मिश्रणात होत्या असं दिसलं तरच घाला. सिमेंट, टाइल चिकटवायचा तयार गोंद आणि इपॉक्सी पूर्ण वर्ज्य. इपॉक्सीने बसवलेली टाइल पुढे कधी काढायची वेळ आली तर ती फुटल्याशिवाय निघत नाही. इराण-अफगाणिस्तानात तुकडे उलटे मांडून मागे जिप्सम ओतून पट्टे तयार करण्याची पद्धत आहे. आपल्या पावसात बाहेरच्या भिंतीवर ती नको, कारण जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळतं.

भिंत आदल्या दिवसापासून भिजवा. टाइल पाण्यात बुडवून बुडबुडे थांबले की काढा. कोरडी टाइल चुन्यातलं पाणी एका क्षणात शोषून घेते आणि मागचा चुना पिठासारखा राहतो. टाइल दाबून बसवल्यावर सुती दोऱ्याने शेजारच्या जुन्या टाइल्सच्या पातळीशी जुळवा, पाणपातळीशी नव्हे. जुनी भिंत कुठेतरी फुगलेली, कुठे आत गेलेली असते आणि नव्या पट्ट्याने तिच्यासोबतच चाललं पाहिजे. सांधे चुना आणि संगमरवराच्या पुडीने भरा. दोन-तीन आठवडे ओलं गोणपाट लावून ठेवा. दिल्लीत यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे महिने बरे. मेच्या उन्हात चुना सुकतो, धरत नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा पूर्ण ओसरल्यावरच हात घाला.

नोंद

प्रत्येक नव्या टाइलच्या मागे, भाजण्याआधी ओली असतानाच, वर्ष आणि भट्टीचा क्रमांक कोरा. समोरून ती जुन्यांत मिसळेल, पण पन्नास वर्षांनी कुणी ती काढली तर जुनी-नवी यात गल्लत होणार नाही. व्हेनिस सनदेची अपेक्षाही हीच आहे: नवा भाग एकूण रूपाशी जुळावा, तरी मुळापासून वेगळा ओळखता यावा.

फिल्मवरची सगळी रेखाटनं, प्रयोगशाळेचे अहवाल, प्रत्येक भाजणीचा तक्ता आणि फसलेल्या नमुन्यांची कारणंसुद्धा एका वहीत लिहा. तिच्या तीन प्रती करा: एक पुरातत्त्व खात्याला, एक मशिदीच्या कमिटीला, एक कार्यशाळेत. प्रत्येक रंगाच्या दहा टक्के जादा टाइल्स घडवून क्रमांकासह मशिदीतच कोरड्या जागी ठेवा. पहिले दोन पावसाळे संपल्यावर परांची बांधून पुन्हा वर चढा, नव्या आणि त्यांच्या शेजारच्या जुन्या टाइल्स टकटक करून ऐका आणि जुन्यांपैकी एखादी पोकळ वाजू लागली असेल तर पन्हळीपासून पुन्हा तपास सुरू करा.